एकशे बाराव्या पानावरची चौकट

माझ्या वहिनीने आयुष्यात एकही पुस्तक लिहिलेलं नाही. पण संसार कसा करावा, मुलं कशी वाढवावीत, कोसळलेल्या माणसाने पुन्हा कसं उभं राहावं, असल्या निदान चाळीस पुस्तकांत तिचं काही ना काही आहे. ती एका प्रकाशकाकडे प्रूफं वाचते, पंचवीस वर्षं झाली. त्या प्रकाशकाचा धंदाच या पुस्तकांवर चालतो. सासू-सुनांचं पुस्तक, वयात आलेल्या मुलांचं पुस्तक, अपयश पचवण्याचं पुस्तक. आणि ती पुस्तकं बांधते मी. म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी मुकादम आहे. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायचं, कव्हर चढवायचं, कडा कापायच्या, हे आम्हा सात जणींचं काम. बाकीच्या सहा जणींवर ओरडायचं, हे माझं एकटीचं.

आमच्यात अगंतुगं आहे. ती माझ्या थोरल्या भावाची बायको, पण वयाने माझ्याएवढीच. माझं लग्न मोडल्यापासून मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते आणि रात्री त्यांच्याकडेच जेवते. हे घडलं तोवरच्या बावीस वर्षांत तिने माझ्यापासून काही लपवलंय असं मला कधी वाटलं नव्हतं. लपवायचं तिला जमतच नाही. भाऊ कशावरून रुसला, मालक कुणावर खेकसले, डॉक्टरांनी तिला कसलं औषध दिलं, सगळं ताट वाढता वाढता सांगून मोकळी. पोटात काही राहत नाही बाईच्या, असं मी तिच्या तोंडावर म्हणते. ती हसते.

आता चौकटीचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. वहिनीच्या मालकांचा, म्हणजे त्या प्रकाशकाचा, एक हट्ट आहे. नवा धडा उजव्या हाताच्या पानावरच सुरू झाला पाहिजे. मग आधीचा धडा डाव्या पानावर चार ओळींत संपला की खाली सगळं कोरं. कोरा कागद दिसला की मालकांच्या पोटात दुखतं, गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटेल म्हणतात. म्हणून तिथे एक चौकट टाकायची आणि चौकटीत एखादं उदाहरण. 'एक आई होती', 'एका जोडप्याचं असं झालं', या थाटाचं. लेखकाकडे मागायला वेळ नसतो, छपाईवाला दारात उभा असतो. मग वहिनी लिहिते. दहा मिनिटांत लिहिते. आणि आणणार कुठून? घरातूनच.

माझा काडीमोड चार पुस्तकांत आहे. एकात मी पुरुष आहे. भावाचं रुसणं इतक्या वेळा छापून झालंय की त्याच्यावर एक वेगळं पुस्तक निघेल. तिचा नियम ठरलेला: बाईचा पुरुष करायचा, मुलीचा मुलगा करायचा, धंदा बदलायचा, की झालं. कुणाला कळतंय, म्हणायची. आणि खरंच कुणाला कळलं नव्हतं. भाऊ पुस्तकं वाचत नाही, आणि माझं छापून येतं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटायचं.

त्या मंगळवारी वयात आलेल्या मुलांबद्दलचं एक नवं पुस्तक आमच्याकडे आलं होतं. बाराशे प्रती. लेखिकाबाई समुपदेशक आहेत, आणि शुक्रवारी सकाळी त्यांचं वहिनीच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्याच कॉलेजात भाषण होतं. तिथे मुलांना वाटायला तीनशे प्रती जायच्या होत्या, म्हणून घाई. मोठ्या कागदाच्या एका तावावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घातली की त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. सातव्या फॉर्मचं शेवटचं पान एकशे बारा. फॉर्मची थप्पी लावली की ते पान वर येतं. मी थप्पी सरळ करत होते आणि डोळ्यांसमोर चौकट आली.

तिच्यात लिहिलं होतं: एक मुलगा सात आठवडे कॉलेजला गेलाच नाही. रोज वेळेवर डबा घेऊन निघायचा आणि डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसायचा. मांडीवर हिरवी फाइल ठेवायचा, म्हणजे कुणी काही विचारत नाही. एक दिवस त्याने आईला हे सांगितलं आणि म्हणाला, कुणाला सांगू नकोस. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि ते स्वतःपाशीच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगा कॉलेजला जाऊ लागला. मुलांचा विश्वास हीच आईची खरी कमाई.

मी तिथेच स्टुलावर बसले. चार महिन्यांपूर्वी मी चष्म्याचा नंबर तपासायला त्या दवाखान्यात गेले होते आणि माझी भाची तिथे बाकावर बसलेली होती, मांडीवर हिरवी फाइल. मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन आहे म्हणाली. मी मूर्खासारखा विश्वास ठेवला, वर तिला बिस्किटाचा पुडा आणून दिला. एकोणीस वर्षांची पोर. सात आठवडे तिथे एकटी बसून होती, आणि मला ते कधी कळतं, तर छापून आल्यावर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर रागवायचं तेही कळेना. मी वहिनीला फोन लावला आणि म्हटलं, एकशे बारावं पान वाच, आणि ते डोळ्यांच्या दवाखान्यातलं पोर कुणाचं ते मला सांग.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुला कसं कळलं?"

अर्ध्या तासात ती कारखान्यात हजर. तिथल्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं, तरी तिने मला पुठ्ठ्यांच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. भाचीने चार महिन्यांपूर्वी हे फक्त तिला सांगितलं होतं. अट घातली होती: बाबांना नाही, आत्याला तर मुळीच नाही, कुणालाच नाही. कुणाला कळलं तर मी परत कॉलेजचं तोंड बघणार नाही, असं म्हणाली होती. आणि वहिनीने शब्द दिला होता. माझ्याशी रोज ताटाला ताट लावून जेवली, पण बोलली नाही. मग मागच्या आठवड्यात छपाईवाला दारात उभा, पान कोरं, डोक्यात दुसरं काही येईना. मुलीचा मुलगा केला. दवाखाना बदलायचा राहिला, फाइलचा रंगही तसाच.

"मला वाटलं, चौकटीत घातलं म्हणजे सांगितल्यासारखं होत नाही," ती म्हणाली. बावीस वर्षांच्या सवयीने माणसाचं काय होतं बघा. तोंडाने सांगितलं तर चहाडी, छापलं तर उदाहरण.

मी तिला नको नको ते बोलले. आत्याला तर मुळीच नाही, हे माझ्या जिव्हारी लागलं होतं, त्याचा रागही तिच्यावरच काढला. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला माझ्या बोलण्याचं काही नव्हतंच. तिच्या डोळ्यांसमोर शुक्रवार होता. तीनशे प्रती, त्याच कॉलेजात, त्याच वर्गात. पोरीच्या हातात पुस्तक पडणार, ती पानं चाळणार. भाची आता कुठे नीट जायला लागली होती, परीक्षेचा फॉर्म भरला होता, घरात दोन वाक्यं जास्त बोलायची. वहिनी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, ती परत तिथे जाऊन बसेल. आणि या वेळी मला सांगायला यायची नाही.

मालकांना सांगायचं तर बोभाटा झाला असता. म्हणून आम्ही ठरवलं, पानच बदलायचं. हे आमच्या धंद्यात करतात, पण क्वचित. छापील पान बुडापासून, म्हणजे शिवणीच्या बाजूने, बोटभर जागा सोडून कापायचं आणि त्या उरलेल्या पट्टीला खळ लावून नवं पान चिकटवायचं. नीट केलं तर कुणाला पत्ता लागत नाही. एका प्रतीला दोन मिनिटं. बाराशे प्रती, दोन दिवस. बायकांना मी सांगितलं, छपाईत चूक झालीय. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. अशा वेळी माझा तोंडाळपणा कामाला येतो, कुणी उलटून विचारत नाही.

शेजारच्या छोट्या छापखान्यात नवं पान, पाठीमागचं एकशे अकरावं तसंच ठेवून, छापून घ्यायचं तर चौकटीत दुसरं काहीतरी हवं. वहिनी कागद घेऊन बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाईच्या हातून एक ओळ उतरेना. जे सुचे ते घरातलंच, आणि घरातलं लिहायला हात धजेना. शेवटी मी म्हटलं, रेघा आखून टाक आणि वर लिही, वाचकांनी आपली टिपणं येथे करावीत. तेच छापलं. मालकांनी बघितलं असतं तर मला डोक्यावर घेऊन नाचले असते.

बुधवार आणि गुरुवार कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. वहिनीने तापाचं कारण सांगून रजा टाकली होती, घरी मात्र रोजच्या वेळेला डबा घेऊन निघायची. सुरी धरायची सवय नाही, पहिल्याच दिवशी अंगठा कापला. फोन वाजला की दचकायची. भाचीचा फोन असेल म्हणून धावायची आणि नसेल म्हणूनही घाबरायची. मी तिला कापलेली पानं मोजायला बसवलं, म्हणजे एका जागी तरी राहील. तर ती दर शंभरानंतर पुन्हा पहिल्यापासून मोजायची. रात्री जेवताना पोर समोर बसायची, शुक्रवारच्या कार्यक्रमात आपल्याला पाहुण्यांच्या स्वागताचं काम दिलंय असं सांगायची, आणि वहिनी घास तोंडात घोळवत राहायची. भाऊ म्हणाला, तुम्हा दोघींचं काय बिनसलंय? मी म्हटलं, तू जेव.

गुरुवारी दुपारी काम संपलं. कापलेली पानं मोजली. अकराशे नव्व्याण्णव.

परत मोजली. मग मी मोजली. तितकीच. प्रती मोजल्या, त्याही अकराशे नव्व्याण्णव. एक प्रत कुठेच नव्हती. टेबलाखाली शोधलं, रद्दीची पोती उपसली, एकेकीची पिशवी बघितली, त्यावरून एकीने मला दोन शब्द सुनावले आणि ते मी निमूट ऐकून घेतले. आता, छपाईत एखादा ताव फाटतो, बाराशे म्हणून अकराशे नव्व्याण्णव येतात, हे नेहमीचंच आहे. मी वहिनीला तसं सांगितलं. पण मंगळवारी सकाळी, मी ती चौकट वाचायच्या आधी, प्रकाशकाचा माणूस बांधून झालेल्या पहिल्या काही प्रती बघायला येऊन गेला होता. त्याने एखादी उचलली असली तर? फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, नाही उचलली. वहिनी म्हणाली, त्याला आठवत नसेल. त्याने लेखिकाबाईंना दिली असेल. बाई उद्या हातात तीच प्रत घेऊन व्यासपीठावर उभ्या राहतील आणि उदाहरण म्हणून तेच पान वाचतील.

"अगं, एक प्रत," मी म्हटलं. "ती असली तर असली. झाकली मूठ राहू दे. उद्याचा दिवस गेला की सुटलीस."

ती ऐकेना. कापलेल्या पानांच्या गठ्ठ्यातून तिने एक पान काढलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, मी तिला आत्ताच सांगते. मी आडवी आले. म्हटलं, दोन दिवस हात मोडेस्तोवर कापलं ते कशाला मग? सुखाचा जीव दुःखात घालतेस. ती म्हणाली, तिला तिथे चारचौघांत कळण्यापेक्षा घरात कळू दे. पुढे म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. मला एकटीला नाही जमणार."

कुणी याला धैर्य म्हणेल. तिच्या पुस्तकांत तर नक्कीच म्हटलं असतं. मी शेजारी चालत होते, म्हणून सांगते, ती निव्वळ भीती होती. जिन्यात ती माझा दंड इतका घट्ट धरून होती की दुसऱ्या दिवशी वळ उठलेला होता.

भाची घरीच होती, बाहेरच्या खोलीत उद्यासाठी पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या लिहीत बसलेली. भाऊ कामावर. वहिनीने काही प्रस्तावना केली नाही. पर्समधून पान काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. हे मी लिहिलं, म्हणाली. छापलं गेलं. आत्याने बघितलं, तिला कळलं. आम्ही सगळ्या प्रतींतून काढलंय, पण एक सापडत नाही.

पोरीने पान उचललं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून सावकाश दुसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं, आता फाडेल, आता किंचाळेल, आता उठून जाईल. वहिनी तर भिंतीला टेकून उभी होती, खुर्चीवर बसायचंही भान नाही.

भाचीने वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तू हातातलं काम बाजूला ठेवलं नव्हतंस."

वहिनीला कळेना.

"इथे लिहिलंयस, आईने हातातलं काम बाजूला ठेवलं, सगळं ऐकून घेतलं. तू नाही ठेवलंस. तुझ्यापुढे प्रूफं होती. मी बोलत होते आणि तू कानामात्रे दुरुस्त करत होतीस. मधे दोनदा पान उलटलंस. म्हणून मी अर्ध्यावर थांबले."

मी वहिनीकडे बघितलं. तीन दिवस जी बाई फोनच्या आवाजाने दचकत होती, ती आता हलतही नव्हती. मला वाटलं ती म्हणेल, नाही गं, माझं सगळं लक्ष होतं. कुठलीही आई म्हणाली असती. मीही म्हणाले असते. ती म्हणाली, "हो. दुसऱ्या दिवशी छपाईला द्यायचं होतं."

"माहितीये."

"मला वाटलं, तू सांगितलंस ते सगळंच होतं."

"मी कॉलेजला जात नव्हते एवढंच सांगितलं. का जात नव्हते, ते तू विचारलं नाहीस."

सात आठवडे आम्ही त्या पानाच्या मागे लागलो होतो असं मला वाटलं, खरं तर तीनच दिवस. आणि भलत्याच गोष्टीला भीत होतो. पोर परत जाऊन तिथे बसेल म्हणून वहिनीचा जीव टांगणीला लागला होता, आणि ज्याच्यामुळे ती पहिल्यांदा जाऊन बसली ते अजून तिच्या पोटात तसंच होतं. ते घेऊनच ती चार महिने कॉलेजला जात होती, आमच्यासमोर बसून जेवत होती.

वहिनी तिच्यासमोर खाली बसली, जमिनीवरच. "आता सांगतेस?" तिने विचारलं.

भाचीने माझ्याकडे बघितलं. वाईट नजरेने नाही, नुसतं बघितलं. मी मुकादम असले तरी एवढं मला समजतं. मी उठले, चपला घातल्या आणि दार ओढून घेऊन जिन्यात जाऊन बसले. माझ्यामागे आतून कडी लागली.

तास झाला असेल. शेजारचे दोघे-तिघे जाताना विचारून गेले, किल्ली विसरलात का? मी हो म्हटलं. आतून आवाज येत होता, भाचीचाच, शब्द कळत नव्हते. खरं सांगायचं तर मी एकदा दाराला कान लावला. मग माझीच मला लाज वाटली आणि चार पायऱ्या खाली जाऊन बसले. एकदा रडणं ऐकू आलं, ते वहिनीचं होतं.

दार उघडलं तेव्हा भाची आत तोंड धूत होती. वहिनीचे डोळे सुजलेले. मी तिला जिन्यातच गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, काय म्हणाली? काय झालं होतं? कुणी काही केलं का तिला? मी त्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंय, मला कळायला नको? तेवढी एक गोष्ट सोडली तर बावीस वर्षांत या बाईने मला काही न सांगता ठेवलेलं नव्हतं. मी वाट बघत उभी राहिले. आता सांगेल, मग सांगेल.

ती म्हणाली, "उद्या मी तिच्याबरोबर कॉलेजात जाणार आहे. प्राचार्यांना भेटायचंय."

"कशाला?"

"तू जेवायला थांबतेस ना? भात टाकते."

मला संताप आला. मी वर निघून गेले, त्या रात्री जेवले नाही. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिने दोन्ही दिवस माझं ताट झाकून वर पाठवलं. ती राहिलेली प्रत पुढे कुठेच दिसली नाही.

हे सगळं लिहायच्या आधी मी भाचीला विचारलं, लिहू का? आता तिला नोकरी लागलीय, घरी येते-जाते, माझ्याशी भांडतेही. ती हसली. म्हणाली, "लिही आत्या. तुला माहितीये तेवढं लिही."

मला माहीत आहे ते एवढंच. बाकीचं वहिनीने मला आजपर्यंत सांगितलेलं नाही, आणि मी रोज तिच्याच ताटाला ताट लावून जेवते.